जुन्या टेलिफोनची बॉडी तडकू नये म्हणून



आजचा विषय छोटा आहे. पण तुमच्या घरात आजोबांच्या वेळचा एखादा चकतीचा फोन असेल, किंवा तुम्ही हौसेनं जुने फोन जमवत असाल, तर हा विषय तुमच्याच शोकेसमधला आहे. या फोनांच्या बॉडीला तडे का जातात आणि ते जाऊ नयेत म्हणून घरच्या घरी काय करता येतं, एवढंच मी आज सांगणार आहे.

मी जुने फोन दुरुस्त करते. लोक फोन घेऊन येतात तेव्हा एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. "अहो, हा फोन तीस वर्षं ऑफिसच्या टेबलावर होता. दिवसातून पन्नास वेळा रिसीव्हर आपटला जायचा. टेबलावरून दोनदा पडला. काही झालं नाही. आता गेली काही वर्षं काचेच्या कपाटात नुसता ठेवलाय, कोणी हातसुद्धा लावत नाही, आणि बघा, ही चीर!"

त्यांना वाटतं, कोणीतरी गुपचूप पाडला असणार. घरातल्या मुलांवर किंवा कामाच्या बाईंवर संशय जातो. बहुतेक वेळा ती बिचारी माणसं निर्दोष असतात. फोन आपटून एका क्षणात फुटतो तो प्रकार वेगळा. न पाडता जो तडा जातो, तो दिसतो एका दिवशी, पण त्याची तयारी आधी कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं चाललेली असते. त्याला तीन गोष्टी लागतात. बॉडीवर कुठेतरी सतत ताण हवा. त्या प्लास्टिकला कमकुवत करणारं काहीतरी हवं, म्हणजे तेल, द्रावक, ऊन किंवा दमट हवा. आणि तिसरा वेळ. ताण थोडा असला तरी चालतो, वेळ भरपूर मिळाला की झालं. शोकेसमध्ये वेळच वेळ असतो.

यातला वेळ आपल्या हातात नाही, तो जाणारच. पण पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. म्हणून आजच्या बोलण्याचा सगळा सारांश असा: ताण काढा, आणि प्लास्टिकला न मानवणारी वस्तू त्याच्याजवळ येऊ देऊ नका. बाकी सगळा तपशील आहे. पण तपशील महत्त्वाचा आहे, कारण एका प्लास्टिकला जे चालतं ते दुसऱ्याला मारतं.

एवढी काळजी कशासाठी करायची? सर्किट बिघडलं तर दुरुस्त होतं. डायलची स्प्रिंग बदलता येते, घंटीची कॉइल पुन्हा गुंडाळता येते, वायर नवी घालता येते. बॉडीचं तसं नाही. बदली बॉडी मिळाली तर ती बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या तरी मेलेल्या फोनचीच असते. आणि आपल्याकडे या फोनला वस्तू म्हणून जी किंमत आहे त्याहून वेगळी एक किंमत आहे. ज्यांनी अर्ज करून वर्षानुवर्षं कनेक्शनची वाट बघितली, ज्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर शेजाऱ्याचा नंबर आणि पुढे 'पी.पी.' असं छापलेलं असायचं, त्यांना विचारा. ट्रंक कॉल लागला की अख्खं घर त्या काळ्या डब्याभोवती गोळा व्हायचं. तो डबा नवा आणता येत नाही.

तर आता पहिलं काम. आपला फोन कशाचा आहे ते ओळखायचं. दुकानदार सरसकट सगळ्याला 'बेकलाइट' म्हणतात. त्यावर जाऊ नका. ढोबळमानानं तीन घराणी लक्षात ठेवा.

पहिलं घराणं खऱ्या बेकलाइटचं. लिओ बेकलंड या बेल्जियममध्ये जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञानं १९०७ मध्ये अमेरिकेत हे प्लास्टिक सिद्ध केलं. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बनलेली राळ, तिच्यात बहुधा लाकडाचा बारीक भुगा, हे मिश्रण पोलादी साच्यात उष्णता देऊन दाबायचं. एकदा घट्ट झालं की ते पुन्हा वितळत नाही. पोळी भाजल्यावर तिचं पुन्हा पीठ होत नाही, तसं. १९३० च्या दशकापासून ब्रिटन आणि स्वीडनमधले टेबलावरचे फोन यातच बनू लागले. आपल्याकडे बेंगळुरूला १९४८ मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, म्हणजे आयटीआय, सुरू झाली. तिचे जे जुने, जड, काळे फोन सापडतात ते याच घराण्यातले. बेकलाइट कडक असतं, पण लवचीक अजिबात नसतं. ते वाकत नाही, थेट तुटतं.

दुसरं घराणं सेल्युलोजपासून बनवलेल्या प्लास्टिकचं. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ३०२ नावाचा फोन १९३७ मध्ये आला. सुरुवातीला त्याची बॉडी धातूची होती, १९४० च्या दशकात ती प्लास्टिकची झाली. त्या प्लास्टिकचं व्यापारी नाव टेनाइट. त्याच कंपनीच्या प्रसिद्ध ५०० मॉडेलच्या सुरुवातीच्या बॉडीही अशाच मऊ प्लास्टिकच्या होत्या. आपल्याकडचे संग्राहक हे फोन परदेशातून मागवतात, म्हणून त्यांची ओळख हवी. या प्लास्टिकचा दुर्गुण असा की ते वर्षानुवर्षं हळूहळू आकसतं.

तिसरं घराणं एबीएसचं. १९६० च्या दशकापासून जगभर हेच रुळलं. हस्तिदंती, राखाडी, लाल, हिरवे, हलके फोन बहुतेक याचे. एबीएसमध्ये रबराचे अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. चीर पुढे सरकायला लागली की हे कण तिला अडवतात, म्हणून एबीएस चिवट असतं. पण हवा आणि उजेड यांनी आधी कडक होतं ते हे रबरच. याच काळातल्या काही रंगीत ब्रिटिश फोनांत ॲक्रिलिकही सापडतं. ते दिसायला जास्त चकचकीत आणि स्वभावानं जास्त ठिसूळ.

ओळखायचं कसं? बॉडीच्या आतल्या बाजूला अंगठा जोरात घासा, तो गरम होईपर्यंत. लगेच वास घ्या. जुन्या लाल कार्बोलिक साबणासारखा वास आला तर बेकलाइट. खवट तुपासारखा किंवा व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर सेल्युलोजचं घराणं. काहीच वास नाही, हाताला हलकं आणि जरासं दबणारं लागलं तर बहुधा एबीएस. काळा किंवा गडद तपकिरी रंग आणि चांगलं वजन, ही बेकलाइटची आणखी एक खूण. शुभ्र पांढरा फोन कोणी बेकलाइटचा म्हणून विकत असेल तर सावध व्हा, कारण ती राळ मुळातच गडद असते. आणि एक विनंती: सुई तापवून टोचून बघायची पद्धत कोणी सांगितली तर ऐकू नका. ओळख पटेल, पण फोनला कायमचं भोक पडेल.

आता ताणाकडे वळू. फोनवर बसलेला सगळ्यात मोठा ताण आपणच दिलेला असतो, स्क्रूड्रायव्हरनं.

फोन उघडला, साफ केला, परत बसवला. स्क्रू फिरवता फिरवता शेवटी मनगटाला एक झटका देऊन 'चांगला घट्ट' करायची आपल्याला सवय असते. लाकडाला हे चालतं, लोखंडाला चालतं. फोनच्या बॉडीला चालत नाही. तो शेवटचा अर्धा आटा बॉडीत अडकून राहतो आणि रात्रंदिवस तिला ओढत राहतो. तडे पाहा, बहुतेक स्क्रूच्या भोकापासून किंवा कोपऱ्यापासून सुरू झालेले दिसतील.

माझी पद्धत अशी. स्क्रूड्रायव्हर मुठीत धरायचा नाही, तीन बोटांत धरायचा, पेन धरतो तसा. प्लास्टिकमध्ये थेट बसणारा स्क्रू असेल तर आधी उलटा फिरवायचा. एका जागी तो हलकेच 'टक्' करून खाली बसतो. तिथे जुना आटा सापडला. आता सुलटा फिरवायचा. असं केलं नाही तर स्क्रू दरवेळी नवा आटा कापतो आणि भोकाची भिंत पातळ होत जाते. दोन स्क्रू असतील तर एक पूर्ण आणि मग दुसरा पूर्ण असं करू नका. थोडा हा, थोडा तो. स्क्रूचं डोकं टेकलं की थांबायचं. डोक्याखाली जागा असेल तर नायलॉनचा पातळ वॉशर घाला. शोकेसमधल्या फोनला कोणी उचलून पळवणार नाही, तेव्हा स्क्रू नुसते टेकलेले असले तरी पुरे.

दुसरा ताण वाकड्या बॉडीचा. ही परीक्षा सोपी आहे. बॉडी तळापासून वेगळी करा आणि सपाट काचेवर ठेवा. जेवणाच्या टेबलाची काच चालेल. चारही कोपरे टेकतात का बघा. एखादा कोपरा उचललेला असेल, बॉडी डुगडुगत असेल, तर ती पिळली गेली आहे. अशा बॉडीला स्क्रूनं ओढून सरळ करायचं म्हणजे तिला रोज थोडं थोडं तोडायचं. तिथे ओढू नका. जिथे फट राहते तिथे फटीएवढ्या जाडीचा फायबर किंवा नायलॉनचा तुकडा सरकवा आणि मग स्क्रू टेकवा.

टेनाइटच्या फोनात हाच प्रश्न दुसऱ्या रूपात येतो. बॉडी आकसते, आतला धातूचा तळ आकसत नाही. मग बॉडी तळावर लहान मुलाच्या जुन्या शर्टासारखी तंग बसते. काढताना जोर लावला की गेली. अशा वेळी एका बाजूनं उपसू नका. सगळे स्क्रू पूर्ण काढा, चारही बाजूंनी आळीपाळीनं थोडं थोडं सोडवा. आणि एकदा निघाली की पुन्हा दाबून बसवू नका. बॉडी नुसती वर ठेवा, स्क्रूशिवाय. बघणाऱ्याला कळतही नाही, आणि बॉडी सुटकेचा श्वास घेते.

तिसरा ताण गंजाचा. मुंबई, गोवा, मंगळुरू, चेन्नई, कोलकाता, जिथे समुद्राची हवा आहे तिथल्या श्रोत्यांनी हे नीट ऐका. बेकलाइटच्या बॉडीत धातूचे आटे साच्यातच बसवलेले असतात. तिथला लोखंडी स्क्रू गंजला की फुगतो, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. भिंतीतली सळई गंजल्यावर प्लास्टर फुटतं, तोच हा प्रकार. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, हे स्क्रू काढून बघा. तांबूस झाले असतील तर त्याच आट्याचे पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घाला. जुने स्क्रू फेकू नका; एका पाकिटात ठेवून वर मॉडेल लिहा. मूळ भाग म्हणून त्यांनाही किंमत आहे. आणि स्क्रू अडकला असेल तर झटका देऊन काढू नका. गंज सोडवणारं तेल फवाऱ्यानं मारू नका, सुईच्या टोकावर घेऊन फक्त धातूवर थेंब ठेवा, एक रात्र थांबा आणि आसपास लागलेलं पुसून घ्या. बॉडी एबीएसची असेल तर तेवढंही नको.

ते का नको, याचं उत्तर आपल्या दुसऱ्या भागात आहे. प्लास्टिकला न मानवणाऱ्या गोष्टी. आणि इथे सगळ्यात मोठा आरोपी आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे: खोबरेल तेल.

फोन जुना, निस्तेज दिसतो. मग कोणीतरी सुचवतं, "कापसाला तेल लावून पूस, कसा चमकतो बघ." चमकतोही. पण खाद्यतेलं आणि स्निग्ध पदार्थ यांनी ताणाखालचं एबीएस तडकतं, हे प्लास्टिकच्या अभियंत्यांना चांगलं माहीत आहे. तेल ताणलेल्या जागी साखळ्यांमध्ये शिरतं आणि त्यांची एकमेकींवरची पकड सैल करतं. ज्या बॉडीवर ताणच नाही तिला कदाचित काही होणार नाही. पण आपल्या फोनचे स्क्रू कोणी किती आवळले होते हे कोणाला ठाऊक? तेव्हा एबीएसवर तेल नको. खोबरेल नको, शिवणयंत्राचं नको, फर्निचरचं पॉलिशही नको.

दुसरा आरोपी स्पिरिट आणि सॅनिटायझर. करोनाच्या दिवसांत घरातली प्रत्येक वस्तू सॅनिटायझरनं पुसायची सवय लागली. ॲक्रिलिकवर अल्कोहोल लागलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटतात. त्या निघत नाहीत, कारण त्या वरचा मळ नसून प्लास्टिकच्या आतल्या बारीक फटी असतात. काच पुसायच्या अमोनियाच्या द्रवाचंही तेच. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर तर एबीएस आणि टेनाइट दोन्ही विरघळवतात. शाईनं लिहिलेला नंबर काढायचा म्हणून लोक रिमूव्हर लावतात. नंबर जातो, सोबत पृष्ठभागही जातो.

तिसरा आरोपी डांबराच्या गोळ्या. कपाटात कपड्यांबरोबर फोन ठेवला आणि कोपऱ्यात गोळ्या टाकल्या, हे अगदी नेहमीचं. त्या गोळ्यांची वाफ काही प्लास्टिकांत मुरते आणि त्यांना मऊ करते. फोन आणि गोळ्या एका कपाटात नकोत.

चौथा आरोपी ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. तो फोनचीच वायर. स्प्रिंगसारखी गुंडाळलेली ती वायर पीव्हीसीची असते. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट पदार्थ मिसळतात. तो हळूहळू बाहेर झिरपतो. जुनी वायर हाताला चिकट लागते ती त्यामुळे. आपण फोन ठेवताना वायर बॉडीभोवती छान गुंडाळतो. वर्ष-दोन वर्षांनी सोडवली की बॉडीवर तिच्या वेटोळ्यांचे ठसे कोरलेले दिसतात. तिथलं प्लास्टिक आधी मऊ झालेलं असतं आणि नंतर तिथूनच चीर सुरू होते. शोकेसमध्ये किंवा टेबलावर पसरतात तो मऊ, पारदर्शक प्लास्टिकचा कागद, तोही बहुधा पीव्हीसीचाच. वायर नेहमी बाजूला, सुती कापडावर सोडलेली असावी. फार जुन्या, कापडाच्या आवरणाच्या वायरीला हा दोष नाही.

मग साफ करायचं कसं? आधी फोन लाइनपासून सोडवा. घंटी वाजताना लाइनवर चांगला झटका बसेल एवढा दाब असतो. बॉडी वेगळी करा. भांडी घासायच्या सौम्य साबणाचा एक थेंब वाटीभर पाण्यात, त्यात सुती कापड भिजवून घट्ट पिळायचं, पुसायचं, मग साध्या ओल्या कापडानं, मग कोरड्यानं. तिन्ही घराण्यांना हे चालतं.

फक्त बेकलाइटला पाण्यात बुडवून ठेवू नका. त्यात लाकडाचा भुगा आहे, तो पाणी पितो. नव्या बेकलाइटवर राळेचा एक गुळगुळीत पापुद्रा असतो, तो भुग्याला झाकून ठेवतो. भांडी घासायची घासणी, पितळेचं पॉलिश किंवा फिरतं बफिंगचं चाक यांनी हा पापुद्राच निघून जातो. जुन्या बाजारातले काही फोन आरशासारखे चमकतात ना, ते बहुतेक असे सोललेले असतात. त्यानंतर ओलावा आत जायला मोकळी वाट मिळते. सोडा आणि तीव्र क्षारही बेकलाइटला खातात. पुसून कोरडं झाल्यावर मेणाचा अगदी पातळ हात मऊ कापडानं द्या. हे मेण फक्त बेकलाइटला. एबीएसला नको, कारण बाजारातल्या बऱ्याच मेणांत द्रावक असतं.

पिवळ्या पडलेल्या फोनबद्दलही प्रश्न येतोच. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की पिवळेपणा जातो, हे खरं आहे. पण मघाशी एबीएसमधल्या रबराचं सांगितलं ते आठवा. पिवळेपणा हा वरचा थर म्हातारा झाल्याची खूण आहे. पेरॉक्साइडनं रंग परत येतो, चिवटपणा येत नाही. उलट ऊन आणखी मिळतं. केस काळे केले म्हणून गुडघे तरुण होत नाहीत, तसंच. ज्या बॉडीत आधीच बारीक चीर आहे तिच्यावर हा प्रयोग करू नका. मला विचाराल तर थोडा पिवळा पण अखंड फोन मी केव्हाही पसंत करीन.

आता हवामान. नागपूर, इंदूर, दिल्लीच्या मंडळींचा शत्रू उष्णता आणि ऊन. पश्चिमेच्या खिडकीत फोन ठेवू नका. पोटमाळ्यावर, पत्र्याखाली ठेवू नका. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तर मुळीच नको. तिथलं तापमान साठ अंशांच्या पुढे जाऊ शकतं. प्लास्टिक आणि धातू तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत. दुपारी तापायचं, रात्री निवायचं, असं रोज झालं की स्क्रूपाशी रोज ओढाताण होते. किनाऱ्यावरच्या मंडळींचा शत्रू ओलावा. त्यांनी शोकेसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यात दर काही दिवसांनी बदलाव्यात. पण शोकेस हवाबंद करू नका. विशेषतः टेनाइटचा फोन पिशवीत बांधून कधीच ठेवू नका. त्या आंबूस वासाचा अर्थ असा की प्लास्टिकमधून आम्ल बाहेर पडतंय. ते कोंडलं तर तेच आम्ल प्लास्टिकला आणखी वेगानं मोडतं, आणि शेजारच्या फोनचे धातूचे भागही गंजवतं. अशा फोनला वेगळी, हवेशीर, थंड जागा द्या.

यानंतर प्रवास. संग्राहकांचे सर्वांत जास्त फोन शोकेसमध्ये फुटत नसतील, पण कुरिअरमध्ये नक्की फुटतात. माझ्याकडे एकदा एक सुंदर काळा सेट आला. खोक्याला बाहेरून ओरखडाही नव्हता. पाठवणाऱ्यानं बाहेरून जाड गुंडाळी केली होती. आतमध्ये मात्र घंटी आणि कॉइलचा तो सगळा धातूचा पसारा हादऱ्यांनी सुटून बॉडीवर आतूनच घाव घालत आला होता. फोनचा शत्रू त्याच्या पोटातच होता.

म्हणून पाठवताना तीन भाग करा. रिसीव्हर वेगळा गुंडाळा. क्रेडलवर ठेवून कधीच पाठवू नका, कारण खोकं पडलं की रिसीव्हरच क्रेडलचे कान मोडतो. बॉडी काढून तिच्या आत सुती कापड हलक्या हातानं भरा. धातूचा तळ वेगळ्या खोक्यात. मग हे सगळं एका मोठ्या खोक्यात, चारही बाजूंना दोन इंच मोकळी जागा ठेवून, ती जागा कागदाच्या गोळ्यांनी भरून. चिकटपट्टी थेट प्लास्टिकवर लावू नका. स्पंज प्रवासापुरता चालेल, पण त्यात फोन वर्षानुवर्षं ठेवू नका. स्पंज कुजतो आणि चिकटून बसतो. विकणारा म्हणाला की उघडता येत नाही, तर निदान रिसीव्हर वेगळा बांधायला सांगा. तेवढ्यानंही बराच फरक पडतो.

फोन विकत घेताना आणि वर्षातून एकदा तपासणी करा. मडकं घेताना आपण बोटानं वाजवून बघतो ना, तसंच बेकलाइटची मोकळी बॉडी वाजवा. अखंड असेल तर आवाज खणखणीत येतो, चीर असेल तर बद्द. फिकट रंगाच्या एबीएसच्या बॉडीत अंधार करून आतून टॉर्च लावा. चीर उजळ रेघेसारखी दिसते. काळ्या बॉडीवर टॉर्च बाजूनं, अगदी आडवी धरा आणि नख फिरवा. स्क्रूची भोकं, वायर बाहेर येते ती खाच, डायलचं वर्तुळ आणि क्रेडलचे कान, या चार जागा आधी बघा.

आणि बारीक चीर सापडलीच तर? घाबरू नका आणि लगेच चिकटवायलाही जाऊ नका. आधी त्या बाजूचा स्क्रू सैल करा. ताण गेला की चीर बहुतेक वेळा तिथेच थांबते. एका तारखेला तिच्या टोकाशी, आतल्या बाजूला, पेन्सिलनं खूण करा. सहा महिन्यांनी बघा. खुणेच्या पुढे गेली नसेल तर तिला तशीच राहू द्या. पुढे जात असेल तर जाणकाराकडे न्या. इतकंच सांगते की बेकलाइट विरघळत नाही, म्हणून त्याला दोन नळ्यांचा इपॉक्सी लागतो. एबीएस मात्र स्वतःच्याच विरघळलेल्या तुकड्यानं सांधता येतं. एकाचं औषध दुसऱ्याला लावू नका.

आता शेवटी गृहपाठ. याला एक रुपयाही लागत नाही. हा व्हिडिओ संपला, किंवा हे पान वाचून झालं, की शोकेस उघडा. बॉडीभोवती गुंडाळलेली वायर सोडवा. फोन उन्हात असेल तर हलवा, डांबराच्या गोळ्या असतील तर काढा. मग फोन मऊ कापडावर उलटा ठेवा आणि तळाचे स्क्रू पाव आटा सैल करा. पाव आटाच. कित्येकदा स्क्रू सुटताना हलकासा 'कट्' आवाज येतो. बॉडी इतकी वर्षं जो ताण सोसत होती, तो सुटल्याचा तो आवाज असतो. मला तो ऐकायला फार आवडतो.

तुमच्याकडचा फोन कशाचा निघाला, अंगठा घासल्यावर वास कसला आला, ते जरूर कळवा.